भुमीच्या डोळ्याला लागलं ते

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही. आईलाही नाही — शेवटच्या दिवसांत तिचे पाय चेपत बसायचे, तेव्हा कितीदा ओठावर आलं आणि कितीदा गिळलं. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही माझ्या गावचे नाही. उद्या तलावाच्या पाळीवर तुमची-माझी गाठ पडायची नाही. बघा, सुरुवातच भित्रेपणानं झाली.

आणि एक आधीच सांगून ठेवते. मधेच "शेवटी तू आई होतीस" असं म्हणू नका. त्या वाक्याची मला चीड आहे. मीच ते स्वतःला इतक्यांदा ऐकवलं आहे की आता त्याला वास येतो.

मी आमच्या गावची आशाताई. तिरोड्याहून बोदलकशाच्या तलावाकडे जाताना दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं लागतात, त्यांच्यात आमचं गाव. गरोदर बाईला दवाखान्यात नेणं, लेकरांच्या लसी, तापाच्या गोळ्या, कुणाला नागपूरला न्यायचं तर सोबत जाणं — हे माझं काम. गावात माझा शब्द चालतो. डॉक्टरानं काय सांगितलं हे घरी आल्यावर बायका मलाच विचारतात. हा शब्द मी उन्हातान्हात पायपीट करून कमावला. खोटं नाही ते. खरंच कमावला. आणि एका नऊ वर्षांच्या पोरीविरुद्ध वापरला.

पोरगी म्हणजे भुमी. भूमेश्वरी. माझ्या घराला लागून सत्यशीला आणि रूपचंदचं घर आहे, त्यांची थोरली. आज तुम्ही तिला पाहिलंत तर तुम्हाला वाटेल, काय ताठा आहे हिला! हनुवटी वर करून चालते. कुणाशी बोलताना मान मागे टाकून, पापण्या खाली करून बघते — समोरच्याला खालच्या पायरीवर उभं केल्यासारखी. शाळेत बाई म्हणायच्या, "मान खाली कर, मोठी आली महाराणी!" पोरं तशीच मान करून तिच्या मागे चालायची आणि हसायची. गावातल्या बायका माझ्यापाशी म्हणायच्या, "पोट्टी लय घमंडी निंगाली बाई." मी ऐकून घ्यायचे. काय बोलायचं होतं मला? की ताठा नाही तो, तिचा उजवा डोळा वर जात नाही? की नजर जरा वर गेली की तिला एकाचे दोन दिसतात, म्हणून बिचारी मान मागे टाकते, म्हणजे डोळे खाली राहतात आणि जग एकच दिसतं? आणि डोळ्याला लागलं कसं, असं कुणी विचारलं असतं तर?

येते. मुद्द्यावर येते. सोपं नाही, पण सोपं असायचं कारणही नाही.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते, म्हणजे जत्राच. त्या दिवशी सत्यशीलाच्या माहेरची मंडई होती. ती धाकट्याला घेऊन सकाळीच गेली. भुमी गेली नाही, कारण तिची शेळी विणार होती आणि पिलू पहिल्यांदा आपणच बघायचं असा तिचा हट्ट होता. रूपचंद म्हणाला, मी आहे घरी. पण तो असायचा नाही हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. मंडईच्या दिवसांत तो प्यायचा. रोज नाही, पण प्यायला की बुडायचा. म्हणून सत्यशीला जाताना मला म्हणाली, "ताई, पोट्टीवर लक्ष ठेवजा."

ठेवलं मी लक्ष. फार नीट ठेवलं.

दुपारची वेळ. माझा चेतन तेव्हा नववीत होता. अंगानं थोराड, कबड्डी खेळणारा. माझा नवा मोबाइल त्यानं न विचारता घेतला आणि अंगणातल्या पाण्याच्या टाक्यात पाडला. मी त्याच्या थोबाडीत मारली. भुमीसमोर. भुमी ओसरीवर बसून चिवडा खात होती, ती हसली. लेकरू हसतं तसं हसली — तोंडात चिवडा, खुदकन. मी मोबाइल तांदळात घालायला आत गेले, आणि दारातून मागे वळून बघितलं तेव्हा चेतनची मूठ आवळलेली होती.

बंद मुठीचा गुद्दा. उजव्या डोळ्यावर, अगदी भरून.

मी बघितलं. मला नंतर कळलं असं नाही, कुणी सांगितलं असं नाही — मी बघितलं. तिची मान मागे गेली आणि ती खांबाला टेकून खाली बसली. रडली नाही. दोन्ही हातांनी डोळा धरून बसून राहिली. मी धावले, हात बाजूला केले. रक्त नाही. सूज नाही म्हणावी इतकीच. डोळा पांढराशुभ्र, लालीसुद्धा नाही. माझा जीव भांड्यात पडला. चेतनला मी आत ढकललं आणि भुमीच्या हातात रव्याचा लाडू दिला.

तिनं तो खाल्ला नाही. थोड्या वेळानं ती माझ्या अंगणात ओकली. मी त्यावर पाणी ओतलं आणि खराट्यानं लोटून टाकलं. सारवलेल्या अंगणावर डाग राहू नये म्हणून लोटलं असं मला तेव्हा वाटलं होतं का? नाही. मला माहीत होतं मी काय लोटते आहे.

दिवे लागायच्या सुमाराला रूपचंद आला. पाय जमिनीवर नव्हते त्याचे. "चाल वो भुमे," म्हणाला, तिला उचलून खांद्यावर टाकलं आणि घेऊन गेला. मी दारात उभी होते. एक शब्द बोलले नाही.

पण तो यायच्या आधी मी एक केलं होतं, ते राहिलं सांगायचं. भुमीला जवळ घेतलं होतं. केसांवरून हात फिरवत म्हटलं होतं, "दादानं मारलं हे घरी सांगू नको. तुझे बाबा चिडतील, दादाला मारून टाकतील. मग पोलीस तुझ्या बाबांना घेऊन जातील." तिनं एका डोळ्यावर हात धरून दुसऱ्या डोळ्यानं माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. बापावर फार जीव होता तिचा. म्हणूनच मी ते वाक्य निवडलं. दुसरी भीती घालता आली असती — चालली नसती. लेकरांशी कसं बोलावं ते आम्हाला शिकवतात ना!

सकाळी रूपचंद माझ्या दारात. डोळे तारवटलेले, नशा उतरलेली. "वयनी, पोट्टी रातभर ओकून राहिली. पाणीबी टिकत नाही."

मी आणि तो तिला घेऊन दवाखान्यात गेलो. निरोप मिळाला तशी सत्यशीला माहेरून थेट तिकडेच आली. डॉक्टर तरुण होता, बाहेर ही रांग. तरी त्यानं पहिला प्रश्न तोच विचारला जो विचारायला हवा होता. पडली होती का? डोक्याला, तोंडाला मार? त्यानं विचारलं हो. माझ्या मनात कधीकधी येतं, त्यानं विचारलंच नसतं तर आज मला त्याच्यावर ढकलता आलं असतं. पण त्यानं विचारलं. आणि सत्यशीला तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "नाही डॉक्टर. बाजारात गुपचुप खाल्ले पोरीनं. ठेल्यावरचे." गुपचुप म्हणजे तुमची पाणीपुरी. पोरगी बाजारात गेलीच नव्हती.

मी आशाताई. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला. पोटाचं म्हणून सलाइन लावलं. नर्स म्हणाली, नाडी हळू चालते. ओकून ओकून अशक्त झाली असेल, असं ठरलं.

आता ऐका. सलाइनची बाटली वर टांगताना नर्स भुमीला म्हणाली, "बघ बेटा, वर बघ, पाणी कसं टपटप पडतं." भुमीनं वर बघितलं. तिचा डावा डोळा बाटलीकडे गेला. उजवा जागेवरच राहिला. खिळा ठोकल्यासारखा. आणि त्याच क्षणी ती पुन्हा ओकली.

नर्स भांडं आणायला वळलेली. डॉक्टर दुसऱ्या खाटेपाशी. सत्यशीला पदरानं पोरीचं तोंड पुसत होती. बघितलं ते एकटीनं मी.

मी काय केलं? पुढे झाले, भुमीच्या डोळ्यांवर हात ठेवला आणि म्हणाले, "डोळे मीट बाळा, झोप." सत्यशीला मला म्हणाली, "ताई, तुमी नसत्या तर मी का केलं असतं वो." माझा हात अजून तिच्या पोरीच्या डोळ्यांवर होता.

पुढचे महिने कसे गेले ते थोडक्यात सांगते, कारण सगळे एकाच खोट्याचे तुकडे आहेत. ओकाऱ्या थांबल्या. पण भुमी म्हणे, फळ्यावरची अक्षरं दोन दोन दिसतात. पायरी चढताना अडखळे. पोटाच्या गोळ्या झाल्या, जंताच्या झाल्या. कुणी म्हणालं अशक्तपणा, कुणी म्हणालं मेंदूत ताप शिरला असेल, सत्यशीलाच्या सासूनं अंगारा लावला. डोळ्यांच्या शिबिरात चष्मा दिला, त्यानं काही होईना. जो भेटे तो आधी विचारी — मार लागला होता का? आणि दरवेळी उत्तर माझं. आई शेजारी उभी, पोरगी शेजारी उभी, आणि "नाही" म्हणायची मी. रोगाला शोधत डॉक्टर या दारातून त्या दारात फिरत होते, आणि चावी माझ्या कमरेला होती.

धान विकून पैसे हाती आल्यावर नागपूरला मोठ्या दवाखान्यात नेलं. सोबत अर्थातच मी. तिथली डॉक्टर बाई वयस्क, कमी बोलणारी. तिनं भुमीची हनुवटी धरली आणि बोट वर नेलं, खाली नेलं, डावीकडे, उजवीकडे. पुन्हा वर. मग स्कॅन करायला लावला. मग आम्हाला चौघांना समोर बसवून तिनं समजावलं. डोळा ज्या खोबणीत असतो तिच्या तळाचं हाड पापडासारखं पातळ असतं. मार बसला की त्याला चीर पडते. लहान लेकराचं हाड लवचिक — चीर उघडते आणि लगेच मिटते. मिटताना डोळा हलवणारा स्नायू आत चिमटला जातो, दारात पदर अडकावा तसा. वरून काही दिसत नाही. ना लाली, ना सूज. लेकरू वर बघायला गेलं की तो स्नायू ताणला जातो, आणि ओकारी होते, नाडी हळू पडते. लोकांना वाटतं पोटाचं आहे.

"पहिल्या एक-दोन दिवसांत आणलं असतं तर सोडवता आला असता," ती म्हणाली. "आता तो स्नायू वाळल्यासारखा झालाय. ऑपरेशन करू, समोरचं नीट दिसेल. वरचं पूर्ण येईल असं मी सांगत नाही."

मग तिनं चष्मा काढला. "हा मार आहे. पडून असा लागत नाही सहसा. बेटा, कुणी मारलं तुला?"

भुमीनं माझ्याकडे बघितलं.

मी भिंतीकडे बघितलं. भिंतीवर डोळ्याचं मोठं चित्र होतं, लाल निळ्या रेघांचं. मी ते वाचत राहिले.

आणि सत्यशीलानं हळूच मान वळवून रूपचंदकडे बघितलं. तो डब्याची पिशवी पोटाशी धरून बसला होता. त्या रात्री पोरगी कुणाजवळ होती? त्याच्याजवळ. कोण शुद्धीत नव्हतं? तो. कुणाला काही सांगावं लागलं नाही. चुकीचा हिशेब किती चटकन जुळतो बघा! सत्यशीला डॉक्टरला म्हणाली, "पडली असंल बाई, खेळताना." नवऱ्याला झाकलं तिनं. आणि बाहेर व्हरांड्यात येऊन, सगळ्या लोकांदेखत, त्याच्या तोंडावर थुंकली.

त्यानं ते पुसलंही नाही लवकर.

आठ दिवसांत सत्यशीलाचे भाऊ आले. रूपचंदला त्याच्याच अंगणात मारलं. मी माझ्या फाटकाशी उभी होते. तो मार खात होता आणि हात वर करत नव्हता, तोंड झाकायलासुद्धा नाही. भुमी आतून ओरडली, "बाबानं नाही मारलं! नाही मारलं बाबानं!" सगळ्या गावानं ऐकलं. कुणी विश्वास ठेवला? सत्यशीला दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन रडली. म्हणाली, ताई, पोट्टी असं काऊन म्हणून राहिली? आणि मी — माझं प्रशिक्षण झालेलं, घरातली मारहाण कशी ओळखावी याचं — मी तिला सांगितलं की लेकरं बापाला सांभाळून घेतात. घाबरतात ती. असंच बोलतात.

पोरीनं खरं सांगितलं होतं. शब्द न मोडता, मला न दुखवता, जेवढं सांगता येईल तेवढं खरं तिनं ओरडून सांगितलं. ते खरं मी पायाखाली चिरडलं, आणि वर तिच्या आईला चहा पाजला.

तुम्हाला वाटत असेल, हेच ते. एवढंच. नाही. मी अजून तिथं पोचले नाही.

ऑपरेशन झालं त्याच्यानंतरची गोष्ट. रोवणीचे, भातलावणीचे दिवस होते. मी घरोघरी फिरून परत येत होते आणि रूपचंद बांधावर बसला होता, गुडघाभर चिखल. त्यानं दारू सोडली होती. व्हरांड्यातल्या त्या दिवसापासून थेंब नाही. सत्यशीला त्याला ताट वाढून निघून जायची, तो एकटा जेवायचा. भुमी त्याच्या आसपास घुटमळायची, पण तोच दूर सरायचा. मला बघून तो उभा राहिला.

"वयनी, एक इचारू?"

मी म्हटलं, विचारा.

तो खाली बघत बोलला. "मले त्या दिवसाचं काहीच याद नाही. पोट्टीले तुमच्या इथून नेली, एवढंच याद आहे. मी लय आठवून पाह्यलं. हात उचलल्याचं मले याद येत नाही वो. पण मी नशेत होतो. तुमी शुद्धीत होत्या." आणि मग त्यानं वर बघितलं. "मी नेली तवा ते बरी होती का?"

कळतंय तुम्हाला? मोठ्या माणसांत जिला माहीत होतं, त्या एकटीलाच तो विचारत होता. तो आरोप करत नव्हता. त्याच्या मनात शंकासुद्धा नव्हती माझ्याबद्दल. त्याला स्वतःबद्दल शंका होती. त्याला फक्त एक शब्द हवा होता — "नव्हती". बस. "नव्हती बरी, माझ्या अंगणात ओकली होती." चेतनचं नावही घ्यावं लागलं नसतं. काही तरी सबब सांगून निभावता आलं असतं. तेवढ्यानं तो माणूस सुटला असता.

आजूबाजूला कुणी नव्हतं. बायका दुसऱ्या बांधीत होत्या. कुणाची भीती नव्हती मला, त्या वेळी नाही.

मी म्हणाले, "हो भाऊ. बरी होती. चांगली खेळत होती."

त्यानं मान हलवली. दोन-तीनदा हलवली. "मंग मीच," म्हणाला. आणि चिखलात उतरला, आणि रोवायला लागला.

हे आहे ते. डोळ्यावरचा गुद्दा माझ्या मुलाचा होता, तो राग होता, पोरवय होतं, म्हणा काय म्हणायचं ते. दवाखान्यातलं खोटं घाबरून बोलले, म्हणा. पण बांधावर मी घाबरलेली नव्हते. बांधावर मी एका निर्दोष माणसाला त्याच्याच हातानं फाशी घेऊ दिली, आणि दोर मी वळून दिला. शांतपणे. "भाऊ" म्हणून.

गावात लोक म्हणतात, रूपचंद सुधारला. पोरीचा डोळा अधू झाला पण बाप माणसात आला. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. आणि सगळ्यात जास्त संताप याचा येतो की हे पहिल्यांदा गावानं नाही म्हटलं — मी म्हटलं होतं. स्वतःशी. त्याच संध्याकाळी, भाकरी थापताना. बरंच झालं एका परीनं, दारू सुटली. मला माझ्या त्या तोंडात राख घालावीशी वाटते.

चेतन आता पुण्याला कंपनीत आहे. मागच्या दिवाळीला आला होता. भुमी रस्त्यानं गेली तर मला म्हणाला, "आई, हिच्या डोळ्याले काय झालं होतं गं?" मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. नाटक करत होता का? नाही. तो खरंच विसरला होता. मी त्याला इतकं नीट झाकलं, इतकं गुंडाळून ठेवलं, की त्याच्यापर्यंत त्याचं कृत्यसुद्धा पोचू दिलं नाही. मला त्याच्या कानफटात मारावीशी वाटली. आणि मी काय म्हणाले? "लहानपणी आजारी होती." लाडू पुढे केला त्याच्या.

भुमी माझ्या घरी येत नाही. कधीच आली नाही त्यानंतर. रस्त्यात भेटली तर थांबते, "काकू" म्हणते, मान मागे टाकून माझ्याकडे बघते. तिला सगळं आठवतं. माझ्या हाताचा वाससुद्धा आठवत असेल, तो हात मी तिच्या डोळ्यांवर ठेवला होता. ती मोठी झाली, शहाणी झाली, आता तिला पोलिसांची ती भीती राहिलेली नसणार. तरी बोलत नाही. का नाही, मला माहीत नाही. घरी सांगून बघितलं असेल आणि पुन्हा कुणी ऐकलं नसेल? की माझी वाट बघते आहे? विचारायची माझी लायकी नाही.

गेल्या आठवड्यात ती नर्सिंग शिकायला गेली. एसटीच्या फाट्यावर सगळे पोचवायला गेले होते, मीही गेले — गावची आशाताई ना मी, पोरगी नर्स होते म्हणजे मी यायलाच हवं! सत्यशीलानं सगळ्यांसमोर सांगितलंही, या ताईनंच माझ्या पोरीचा डोळा वाचवला, नागपूरला नेलं. बायकांनी माना डोलावल्या. भुमी आजीच्या पाया पडली, आईच्या पडली. मग बापासमोर आली आणि वाकली.

रूपचंदनं हात उचलला, तिच्या डोक्यावर ठेवायला. अर्ध्यात थांबला. हाताकडे बघितलं त्यानं, जणू दुसऱ्या कुणाचा आहे. आणि मागे घेतला, सदऱ्याला पुसला, पाठीमागे धरून उभा राहिला. पोरगी वाकलेलीच होती. कितीतरी वेळ वाकलेली होती. शेवटी एसटी आली.

इतक्या वर्षांत त्यानं लेकीला हात लावलेला नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

मी तेव्हाही बोलले नाही. घरी आले, भात टाकला. आणि आज तुम्हाला सांगते आहे, ज्यांना सांगून रूपचंदच्या वाट्याला काही येत नाही. तो माझ्या भिंतीपलीकडे आहे. आत्ता गाईला चारा टाकतो आहे, मला ऐकू येतं. चार पावलांवर. आणि मी तुमच्याशी बोलत बसले आहे.

तर निदान इथं तरी सरळ सांगते, कुठं काही न झाकता. मंडईच्या दिवशी दुपारी, माझ्या ओसरीवर, माझ्या मुलानं भुमीच्या डोळ्यावर मारलं. मी ते बघितलं. तिला तिच्या बापाच्या खांद्यावर दिली तेव्हा ती बरी नव्हती. रूपचंदनं आपल्या लेकीला त्या दिवशी मारलं नाही. त्याच्या आधी नाही, त्याच्या नंतर नाही. कधीच नाही.